पाचशे दहावर गोठलेलं दूध

सूनबाईला कुठलीही गोष्ट एकदा बघून पटायची नाही. दाराला कडी घातली की ती ओढून बघायची, आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा ओढून बघायला परत यायची. मुलीच्या आंघोळीच्या पाण्यात आधी बोट, मग कोपर, मग परत बोट. तोवर पाणी गार झालेलं असायचं आणि सगळं पहिल्यापासून. मुलगी जरा गाढ झोपलेली दिसली की ही लगेच तिच्यावर वाकलेली. नाकाशी बोट धरून श्वास लागतोय का ते बघायची, आणि त्या बोटाने मुलगी जागी झाली की म्हणायची, "बघा, या पोरीला झोपच नाही."

घरी या सवयीची चेष्टा व्हायची. दूध केंद्रात मात्र हिला पगार मिळायचा तो याच सवयीचा.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत वजनकाटा, फळा आणि किटल्यांची रांग. मागच्या खोलीत तपासणी. दोन्हींच्या मध्ये एक खिडकी, त्यातून नमुन्याच्या नळ्या आत यायच्या. नळीवर फक्त नंबर, नाव नाही. नावं नकोत, म्हणजे 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' होत नाही, असं केंद्रप्रमुखांचं म्हणणं. या केंद्रप्रमुखांना बारा महिने सर्दी. कुठला वास म्हणून यायचा नाही, त्यामुळे दूध नासलंय की नाही हेही ते सूनबाईला विचारायचे.

पूर्वी दुधातलं पाणी ओळखायला काचेचं तरंगणारं लॅक्टोमीटर होतं. ते बिचारं भोळं. थोडंथोडकं पाणी त्याला कळायचंच नाही. पंधरा दिवसांपूर्वी नवं यंत्र आलं. मिक्सरएवढं, दिसायला गरीब, पण दूध गोठवून त्याचं बिंग फोडणारं. त्यात दुधाची नळी ठेवायची. यंत्र दूध गार करत नेतं, शून्याच्या खाली, तीन अंश खाली, तरी दूध आपलं पातळच. मग आतली एक बारीक दांडी नळीला टक्कन टोला देते. त्यासरशी दूध दचकल्यासारखं गोठायला लागतं, पारा उसळून वर येतो आणि एका आकड्यावर स्थिरावतो. तो त्या दुधाचा गोठायचा आकडा. एवढं सगळं व्हायला दोन-अडीच मिनिटं जातात, आणि तोवर रांगेतली माणसं जांभया देतात. म्हणून यंत्राचं नाव पडलं थंडोबा.

थंडोबा अंशाचे हजार तुकडे करून मोजायचा. निर्भेळ दूध शून्याखाली अर्ध्या अंशाच्या जरा पलीकडे गोठतं. केंद्रात एवढं लांबलचक कोण बोलणार? नुसतं 'पाचशे तीस', 'पाचशे चाळीस' म्हणायचे. पाचशे वीसच्या खाली आकडा आला म्हणजे पाणी. साडेपाचशेच्या फार वर गेला म्हणजे भलतंच काहीतरी. नियम भिंतीवर लावलेला होता. पहिल्यांदा नापास झालं तर फळ्यावर लाल खडूने नंबर. दुसऱ्यांदा किटली घरी परत. त्याच महिन्यात तिसऱ्यांदा झालं तर त्या किटलीला केंद्राचं दार वर्षभर बंद.

एका दिवसात सगळ्या नळ्या होत नसत, म्हणून थंडोबापुढे नंबर पाळीपाळीने यायचे, नापास झालेल्याचा मात्र रोज. सोमवारी सतरा नंबरच्या नळीची पाळी पहिल्यांदाच आली. थंडोबाने टोला दिला. आकडा आला पाचशे दहा.

सूनबाईने नळी धुतली, पुसली, पुन्हा भरली. पाचशे दहा. मग तिने यंत्रावरच संशय घेतला. शुद्ध पाणी घालून बघितलं. बरोब्बर शून्य. ठरावीक मिठाचं पाणी बाटलीत होतं, ते घालून बघितलं. तेही बाटलीवर लिहिलं होतं तिथेच, रेसभर इकडे नाही की तिकडे नाही. तिसऱ्यांदा सतरा नंबर. पाचशे दहा.

नळीवर नाव नसलं तरी सतरा नंबर कोणाचा हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ती किटली रोज पहाटे तिच्याच घरातून निघायची. तिच्या सासूबाईंची.

आणि सासूबाई म्हणजे कोण? ज्यांनी तीस वर्षं केंद्राच्या रांगेत उभं राहून सांगितलं, "माझ्या दुधात बोट बुडवा, बोटाला साय धरेल." ज्यांनी पाणी घालणाऱ्या एकेकाला जाहीरपणे धारेवर धरलं. पलीकडच्या काकूंची किटली एकदा पातळ निघाली, तेव्हा सासूबाईंनी त्यांना विचारलं होतं, "तुमच्या गाईला तोटी कुठून बसवून घेतलीत?" काकू अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

सूनबाई खडू हातात धरून उभी राहिली. पाचशे दहाच्या जागी पाचशे बावीस लिहिलं तर कोणाच्या बापाला कळणार होतं? थंडोबा आकडा दाखवतो आणि विसरतो.

"मॅडब," प्रमुख नाक पुसत म्हणाले, "अडलात कुठे?"

"सतरा, साहेब. पाचशे दहा."

"तीनदा बघितलं?"

"तीनदा."

"लिहा की."

तिने लिहिलं. लाल खडू, मोठा आकडा. लिहिताना खडू असा दाबला की सातच्या शेंडीशी त्याचा तुकडा पडला.

*

ही बातमी घरी सांगायची कशी, याची तिने वाटेत चार वाक्यं तयार केली. एकही लागलं नाही. घरी पोचायच्या आतच फळ्यावरची बातमी येऊन पडवीत बसली होती.

सासूबाईंनी भांडी जरा जोरात ठेवली, इतकंच. जेवणं झाली, तरी गप्प. थंडोबातल्या नळीची सूनबाईला आठवण झाली. उणे तीनपर्यंत गार झालंय, पण अजून पातळ आहे. आता टोला कोण देतं, एवढंच बाकी.

टोला दिला भिंगरीने. दोन वर्षांची पोर, स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून भिंगरी. ती आजीपुढे येऊन थांबली आणि सकाळपासून पडवीत जे ऐकलं होतं ते म्हणाली, "आजी पाणी."

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "पोरीला काय शिकवलंयस ते ऐकलंस?"

"आई, मी कशाला शिकवू?"

"तीस वर्षांत माझ्या दुधाला नाव ठेवायची कोणाची छाती झाली नाही. आता घरातल्याच माणसाने ठेवलं. म्हणजे बाहेरच्यांना बरंच झालं, त्यांना कष्ट नकोत."

"मी नाही हो, यंत्राने."

"यंत्राला काय कळतं? दूध गोठवून पाणी ओळखतात का कधी? आमचं दूध लोकांना प्यायचं असतं. गोठवून त्याने खिळे ठोकायचे नसतात."

सासरे कोपऱ्यात वाटाणे सोलत होते. त्यांनी मान वर केली. "पण कळतं कसं त्याला?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी आपणहून काही विचारलं, याचाच सूनबाईला इतका आनंद झाला की ती समजावायला बसली.

"असं बघा बाबा. पाण्याला गोठायचं म्हणजे हातात हात घालून, ओळीत गप बसायचं असतं. नुसतं पाणीच असलं तर ते शून्यावर बसतं. आता आपल्या भिंगरीला दुपारी झोपवायचं असलं आणि घरात पाहुणे आले, तर झोपते का?"

"नाव नको," सासरे म्हणाले.

"जास्त थोपटावं लागतं. तसंच. दुधात साखर असते, क्षार असतात, ते पाण्यात विरघळलेले पाहुणे. ते मध्ये मध्ये करतात आणि पाण्याला बसू देत नाहीत. म्हणून दूध गोठवायला जास्त थंडी लागते. पाचशे तीस म्हणतात ते तेच. त्यात वरून पाणी घातलं की पाहुणे तेवढेच, पण घर मोठं झालं. गर्दी विरळ. मग ते लवकर गोठतं. पाचशे दहावर."

"आणि पाहुणे वाढले तर?"

"तर आकडा आणखी पुढे जातो. मीठ घातलेलं पाणी म्हणूनच तर लवकर गोठत नाही."

"असं होय," सासरे म्हणाले आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळले.

इथे सूनबाईला शंका यायला हवी होती. ज्या माणसाने लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी 'आज जेवायला काय' याच्यापलीकडे प्रश्न विचारला नाही, तो एका संध्याकाळी दोन प्रश्न विचारतो म्हणजे काहीतरी शिजत असतं. पण मुलीच्या कपाळाला हात लावून बघण्यात तिचं लक्ष होतं. कपाळ नेहमीसारखंच होतं.

"पाहुणे म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दुधात पाहुणे." आणि दिवा मालवला.

*

मंगळवारी सतरा नंबरची नळी थंडोबात ठेवताना सूनबाईने डोळे मिटले होते. टोला पडला. तिने एक डोळा उघडला.

सहाशे साठ.

दुसरा डोळा आपोआप उघडला. तिने तीनदा बघितलं. सहाशे साठ, सहाशे साठ, सहाशे साठ.

प्रमुख खिडकीतून डोकावले. आकडा बघून त्यांची शिंक अर्ध्यावर थांबली. "मॅडब, ही गाय सबुद्रात चरते का?"

सूनबाईने नळीत बोट बुडवून जिभेला लावलं. दुधात मिठाचा खडा पडणं हा वाक्प्रचार तिने शाळेत वाक्यात उपयोग करायला लिहिला होता. आज चव घेतली.

नियमाप्रमाणे किटली परत. बारा लिटर खारट दूध घेऊन आणि फळ्यावरचा लाल सतरा मागे सोडून सूनबाई घराकडे निघाली. किटली दर वीस पावलांनी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, आणि विचारही तसाच. काल आपण मिठाचं बोललो ते आईंनी ऐकलं. रागात माणूस काय करेल नेम नाही. पण आई? ज्या दुसऱ्याच्या किटलीकडे बघून नाक मुरडतात, त्या स्वतःच्या किटलीत मीठ टाकतील?

घरी तिने किटली ओट्यावर ठेवली. किटली परत का आली हे न विचारताच सासूबाईंनी कप भरला आणि नातीच्या हातात दिला. सूनबाई "अहो" म्हणेपर्यंत भिंगरीने घोट घेतला होता. पोरीचं तोंड आधी गोल झालं, मग वाकडं झालं, आणि घोट आजीच्या मांडीवर परत आला.

"किती प्यायली?" सूनबाई ओरडलीच. "एक घोट की दोन? गिळलं का? भिंगरे, आ कर. आई, मीठ जास्त गेलं तर मुलांना—"

"मीठ?" सासूबाई म्हणाल्या.

"खारट आहे दूध. सहाशे साठ आला आकडा."

सासूबाईंनी कपात बोट घातलं, चाखलं आणि सुनेकडे बघितलं. सुनेने सासूकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच वाक्य होतं आणि ते आधी कोण म्हणतं याचीच दोघी वाट बघत होत्या. तेवढ्यात दोघींच्या लक्षात आलं की कोपरा रिकामा आहे. सासरे अगदी हळू, चप्पल हातात घेऊन, मागच्या दाराकडे निघाले होते.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

ते थांबले.

"किती घातलंत?"

"मूठभर," सासरे म्हणाले. आणि मग, "लहान मूठ."

"का?"

"सूनबाई म्हणाली पाहुणे कमी पडतायत. म्हटलं बोलवावेत थोडे."

सूनबाईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, त्यामुळे चेहरा कसा ठेवावा तेच कळेना.

"अहो बाबा, थोडे? पाचशे दहावरून सहाशे साठ. तुम्ही तर लग्नाची वरात आणलीत."

"खाल्ल्या मिठाला जागायचा प्रयत्न केला, बाई," सासरे म्हणाले. "तुझ्या सासूची मान खाली गेलेली बघवेना मला."

सासूबाईंनी त्यांना बरंच काही ऐकवायचं ठरवलं होतं, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. पण शेवटचं वाक्य ऐकून ते तसंच राहिलं. त्या मांडी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चप्पल खाली ठेवा. घरात हातात धरून फिरू नये."

*

आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की वर्षभर दार बंद. आणि दूध नाही घेतलं तर काय, दूध विकायला दुसरी दारं असतात. पण 'पाणी घालणारी' ही ओळख मात्र घेऊन हिंडावी लागते. सूनबाईला हे कळत होतं. मीठ बाबांचं, पण पाणी कोणाचं? पहिल्या दिवशीचं पाचशे दहा कुठून आलं?

"मी उद्या पहाटे गोठ्यात येते," ती म्हणाली.

"पहारा करायला?"

"बघायला."

"बघ बाई. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बुधवारी पहाटे ती गोठ्यात स्टूल टाकून बसली, मांडीवर पेंगणारी भिंगरी आणि डोळे सासूबाईंच्या हातांवर. सासूबाईंनी आचळं धुतली, कोरड्या फडक्याने पुसली. बादल्या रात्रीपासून उपड्या ठेवलेल्या, आतून खडखडीत कोरड्या. सूनबाईने बोट फिरवून बघितलं. मग परत फिरवून बघितलं.

"सोनं लागलं का बोटाला?" सासूबाईंनी विचारलं.

दोन गाई, दोन बादल्या, एक माप, एक गाळणीचं भांडं. दूध फेसाळत बादलीत आलं, मापातून गाळणीत, गाळणीतून किटलीत. कुठेही पाण्याचा थेंब नाही. सूनबाईची अवस्था चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्या न्यायाधीशासारखी झाली. आता यंत्रच चुकतं म्हणायचं की काय?

सासूबाईंनी मग नेहमीसारखं तांब्याभर पाणी घेतलं. पहिल्या बादलीत थोडं ओतलं, गोल फिरवलं, बादलीच्या कडेचा फेस त्यात उतरवला, आणि ते पांढरं पाणी किटलीत. दुसरी बादली, तसंच. माप, तसंच. गाळणीचं भांडं, तसंच. शेवटचा थेंब निथळेपर्यंत भांडं किटलीवर उपडं धरलं, वर बुडावर दोन चापट्या मारल्या आणि झाकण लावलं.

सूनबाई बघत होती आणि तिला काहीच दिसलं नाही. कारण हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती. या घरात भांडं धुतल्याशिवाय रिकामं व्हायचंच नाही. आमटीचं पातेलं विसळून ते पाणी आमटीत. मधाची बाटली विसळून ते पाणी मुलीच्या कपात. खोकल्याचं औषध संपलं की बाटलीत चमचाभर पाणी घालून हलवून तेही सासऱ्यांना प्यायला लागायचं, खोकला असो की नसो. ती स्वतःही आता तसंच करायची.

किटलीचं झाकण लागल्याचा आवाज झाला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात टोला पडला.

"आई," ती म्हणाली. "ते पाणी."

"कुठलं पाणी?"

"आत्ता ओतलंत ते."

"ते पाणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "ते भांड्याला लागलेलं दूध. ते काय वाया घालवायचं?"

सूनबाईने घरातून भिंगरीची दुधाची बाटली आणली, ज्यावर रेघा आखलेल्या असतात ती. तांब्या जितका भरला होता तितका पुन्हा भरला आणि बाटलीने मोजला. दोन बाटल्या भरल्या आणि वर दोन बोटं उरलं. पुन्हा मोजलं. अर्धा लिटर.

"बारा लिटर दुधात अर्धा लिटर," ती म्हणाली. "शंभरात चार. दूध पाचशे तीस-एकतीसचं धरलं तर पाचशे दहा व्हायला नेमकं तेवढंच लागतं."

सासूबाई बादलीच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाईने शेपटीचा फटका त्यांच्या पाठीवर दिला तरी हलल्या नाहीत.

"माझी आई असंच करायची," त्या म्हणाल्या. "म्हणायची, थेंब सांडला तर गाय रागावते."

"हो."

"म्हणजे मी तीस वर्षं लोकांना पाणी पाजलं?"

यावर सांगण्यासारखी दोन-तीन खोटी उत्तरं सूनबाईच्या जिभेवर तयार होती. 'तसं नाही हो', 'एवढंसंच तर', 'सगळेच करत असतील'. सासूबाईंचा चेहरा बघून तिला ती देववेनात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, इथे तर भांड्यानेच घात केला होता.

"हो, आई," ती म्हणाली. "पण चोरलं नाहीत. जपलंत, ते चुकीच्या ठिकाणी जपलंत."

"चोराला तरी माहीत असतं," सासूबाई म्हणाल्या. "मी वर तोंड करून दुसऱ्यांना बोलले."

त्या दिवशी किटली केंद्रात गेलीच नाही. न आलेल्या किटलीला नापास करायचा नियम नव्हता. घरात दही लागलं, आटवलेलं दूध झालं, शेजारी वाटून झालं, तरी दूध उरलंच. संध्याकाळच्या धारेला सासूबाईंनी तांब्या घरात कडीकुलपात ठेवायला सांगितला. "हात सवयीने जातो," त्या म्हणाल्या. "हाताचा भरवसा नाही मला." बादल्या विसळल्या त्या दूध किटलीत जाऊन झाकण लागल्यावर, आणि ते पाणी दुसऱ्या पातेल्यात. ते टाकायचं कुठे यावर घरात चर्चा झाली. शेवटी सासरे म्हणाले, "माझ्या चहाला घाला. मुठीची शिक्षा समजा." सासूबाईंनी लगेच घातलं. त्या माफ करत होत्या, पण विसळून.

*

गुरुवारी किटलीबरोबर सासूबाई स्वतः आल्या. नीट विंचरलेले केस, ओठ घट्ट मिटलेले. रांगेत आवाज बारीक झाला. पलीकडच्या काकू दोन किटल्या सोडून पुढे होत्या. त्यांनी मागे बघितलं आणि मग फळ्याकडे बघितलं. फळ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

सतराची नळी खिडकीतून आत आली. सूनबाई म्हणाली, "साहेब, ही तुम्ही लावा. माझ्या घरची आहे. लोक बोलतील."

प्रमुखांनी नाक पुसलं आणि ते उठायला लागले. खिडकीबाहेरून आवाज आला.

"तीच लावेल. तिने माझा नंबर लाल खडूने लिहिला, तेव्हा कोणी बोललं नाही. आज का बोलावं?"

नळी थंडोबात गेली. झाकण बंद. आकडे खाली उतरायला लागले. शून्य. उणे अर्धा. उणे एक. सूनबाईच्या मनात येईल ते येत होतं. किटलीत तळाला थेंब राहिला असेल तर? गाई रात्री फार पाणी प्यायल्या असतील तर? त्याने दुधात फरक पडत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी.

बाहेर सासूबाई रांगेकडे वळल्या होत्या.

"सोमवारी माझ्या दुधात पाणी होतं," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "मीच घालत होते. भांडी विसळून. अर्धा लिटर. मला वाटायचं दूध जपतेय."

उणे दोन.

रांगेतल्या एका बाईने आपली किटली एका पायामागून दुसऱ्या पायामागे सरकवली. दुसरीने हळूच विचारलं, "गाळणीचं भांडं पण नाही विसळायचं?"

"विसळायचं. पण आपल्या घरी, आपल्या पोटात."

"मी तर नेहमीच—" पलीकडच्या काकू म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. त्यांना आठवलं की आपण या बाईशी बोलत नाही.

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "तोटीचं बोलले होते तुम्हाला. ते परत घेते. तोटी माझ्याकडेच होती."

काकूंनी किटलीचं झाकण काढून बघितलं, जणू उत्तर आत होतं.

उणे तीन. दूध अजून पातळ. टक्कन टोला पडला. आकडा उसळला, वर आला, घुटमळला, थांबला.

सूनबाईने तो दोनदा वाचला. "पाचशे एकतीस," ती म्हणाली. मग कोणाला ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने, "पाचशे एकतीस."

"हे चांगलं की वाईट?" सासूबाईंनी विचारलं. तीस वर्षं दूध घालूनही त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"चांगलं. अगदी हवं तसं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. बाकी काही नाही. फक्त खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला हात त्यांनी खाली घेतला, तेव्हा बोटं पांढरी पडलेली दिसली.

प्रमुख ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी गेले. "हा लाल सतरा पुसतो आता. चूक कळली, विषय संपला."

"राहू द्या."

"अहो, पण आजी, दूध निर्भेळ निघालं की."

"आजचं निघालं. सोमवारी पाणी होतं ना? मग सोमवारचं कशाला पुसता? महिना संपला की पुसा, सगळ्यांचं पुसता तेव्हा."

प्रमुखांनी फडक्याकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं आणि त्याच फडक्याने नाक पुसलं.

सतराचं दूध मोठ्या टाकीत रिकामं झालं. केंद्राच्या रिवाजाप्रमाणे रिकामी किटली दारातल्या नळाखाली गेली. प्रमुखांनी पाण्याचा झोत सोडला, किटली गदगदा हलवली आणि तिरकी केली. पांढरं पाणी मोरीकडे निघालं, चांगली दीड-दोन वाटी, कडेला फेसाची झालर धरून.

सासूबाईंनी ते वळणापर्यंत जाताना बघितलं. सूनबाई खिडकीतून सासूबाईंना बघत होती. त्यांचा हात अर्धवट पुढे झाला, थांबला, परत मागे गेला. सासूबाईंनी मान फिरवली, मोरीकडे पाठ केली.

"साहेब," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही इथे एखादं मांजर का नाही पाळत?"